तीनशेचं पेट्रोल

गाडीच्या पुढच्या कप्प्यात त्र्याहत्तर पावत्या होत्या. त्याखेरीज एक स्क्रू-ड्रायव्हर, खडूचे अडीच तुकडे, डोकेदुखीच्या मलमाची डबी आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेलं नेमणुकीचं पत्र. मी सगळं भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या लांब टेबलावर मांडलं आणि पावत्या तारखेप्रमाणे लावल्या. पंपावर जो कागद छापून देतात तो उष्णतेनं काळा होणारा कागद असतो. गाडीच्या उबेत राहिला की अक्षरं विरून जातात. बारा पावत्या पार कोऱ्या झाल्या होत्या. उरलेल्या एकसष्ट वाचता आल्या. एकसष्टच्या एकसष्ट तीनशे रुपयांच्या होत्या. म्हणून त्या बारा कोऱ्याही मी तीनशेच्याच धरल्या.

"झालं का तुमचं प्रॅक्टिकल?" थिटे सरांनी दारातूनच विचारलं. "निघायचं का?"

"झालं सर. एकवीस हजार नऊशे. महिन्याचे चोवीस दिवस धरा, सात हजार दोनशे."

"एवढं?" ते आत आले. पावत्यांच्या रांगेकडे बघत उभे राहिले. "इतकं पेट्रोल आपण जाळलं?"

"आपण नाय, गाडीनं जाळलं," कोपऱ्यात भिंगं पुसत बसलेले गहिनीनाथ मामा म्हणाले. "आपण नुसतं बसून आलो."

त्या वर्षी आम्ही तिघं बार्शीहून एकोणतीस किलोमीटरवरच्या कॉलेजात एका गाडीनं जात होतो. गाडी थिटे सरांची, जुनी झेन. सर मराठी शिकवायचे. वय चव्वेचाळीस, पंधरा वर्षं तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास शिकवाल तितक्या तासांचे पैसे, आणि तेही मार्च उलटल्यावर एकदम. मी फिजिक्सची एमएस्सी, त्याच तत्त्वावर, पहिलंच वर्ष. मामा प्रयोगशाळा परिचर. दहावी पास, बावीस वर्षं नोकरी, आणि तिघांत कायम असलेले एकटे. सकाळी सात वीसच्या तासाला पोचवेल अशी एसटी नव्हती, त्यामुळे सरांची गाडी बंद पडली असती तर माझंही कॉलेज बंदच होतं. रोज निघताना मामा आणि मी शंभर-शंभर रुपये सरांच्या हातात ठेवायचो, ते स्वतःचे शंभर त्यात घालायचे, आणि बार्शीबाहेरच्या पंपावर गाडी थांबायची.

दिवाळीनंतर सरांनी गाडी बंद करायची गोष्ट काढली होती. वहिनी त्यांना म्हणाल्या होत्या, लोक नोकरी करून घरी पैसे आणतात, तुम्ही पेट्रोल घालून शिकवायला जाता. पण जूनमध्ये कायम जागांची जाहिरात निघणार असं सगळे म्हणत होते. मुलाखतीत सलग अनुभव विचारतात.

"जूनपर्यंत रेटलं पाहिजे," सर म्हणाले होते. "पुढच्या खेपेला जागा निघतील तेव्हा मी पन्नाशीला आलेला असेन. तेव्हा कोण विचारणार?"

आणि त्याच आठवड्यात पंपावर छत्रीखाली टेबल टाकून बसलेल्या बँकेच्या मुलीनं आम्हाला गाठलं होतं.

"सर, क्रेडिट कार्ड! पेट्रोलवर पैसे परत मिळतात. आज भरा, दीड महिन्यानं द्या. फक्त तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप लागतील."

"आम्ही दोघं प्राध्यापक आहोत," सर म्हणाले.

"मग तर लगेच होईल सर! स्लिप?"

"स्लिप नसते."

"म्हणजे पगार कसा होतो?"

"होतो. मार्चनंतर."

"बरं, महिन्याचा किती?"

"महिन्याचा नसतो. तासाचा असतो."

मुलीनं पेनाचं टोपण लावलं. तेवढ्यात मागच्या काचेतून मामांनी डोकं बाहेर काढलं.

"ए ताई, माझी चालंल का स्लिप? मी कायम आहे."

"तुम्ही काय करता काका?"

"हे म्हणले बल्ब द्या, की मी बल्ब देतो."

मुलगी हसली आणि टोपण पुन्हा काढलं. सरही हसले, पण ते गाडी सुरू करताना. मामांच्या नावानं कार्ड घ्यायचं आणि बिल तिघांनी वाटून भरायचं, असं गावात पोचेपर्यंत ठरलं. कोणतं कार्ड घ्यायचं ते मी ठरवायचं, कारण मी सायन्सची.

पावत्या मोजून झाल्यावर मी तीन कार्डांची माहितीपत्रकं आणली आणि प्रयोगवहीच्या आलेखाच्या पानावर तक्ता काढला. पहिलं कार्ड कुठल्याही पंपावर चालायचं, शंभराला पाऊण रुपया परत, वर्षाची फी पाचशे. दुसरं एकाच कंपनीच्या पंपांवर, पण शंभराला चार रुपये परत, सरचार्ज माफ आणि पहिलं वर्ष फी नाही. तिसऱ्यावर नुसते पॉइंट्स, त्यांतून कुकर नाहीतर बॅग घ्यायची. आमचा पंप दुसऱ्या कार्डाच्या कंपनीचाच होता. सात हजार दोनशेला महिन्याचे दोनशे अठ्ठ्याऐंशी. डिसेंबर ते मे सहा महिन्यांत सतराशे अठ्ठावीस. भागिले तीनशे.

"जवळजवळ सहा दिवसांचं पेट्रोल फुकट," मी सांगितलं.

"सहा दिवस," सर म्हणाले. "पेपर तपासायचे दिवस निघाले की."

माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत अटी होत्या. त्याही मी वाचल्या. एका वेळचं बिल चारशे ते पाच हजारांच्या दरम्यान असावं, असं तिथं होतं. मी पाच हजारांचा विचार केला. टाकी पस्तीस लिटरची, सगळी भरली तरी सत्तावीसशेच्या वर जात नाही, म्हणून ती अट तक्त्याखाली उतरवून समोर बरोबरची खूण केली.

कार्ड यायला आणि चालू व्हायला डिसेंबर गेला. जानेवारीचे चोवीस दिवस आम्ही कार्डावर पेट्रोल भरलं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मामांनी बँकेचं पाकीट प्रयोगशाळेत आणून दिलं. "बघा मॅडम, आपलं इंक्रिमेंट."

परत मिळालेली रक्कम शून्य होती. खाली सरचार्ज आणि त्यावरचा कर मिळून चौऱ्याऐंशी रुपये शहाण्णव पैसे जास्तीचे लावले होते. मी ते पान दोनदा वाचलं. मग प्रयोगवही काढून स्वतःचा तक्ता वाचला. चारशे हा आकडा माझ्याच अक्षरात तिथं होता.

पहिल्या वर्षाच्या मुलांना आम्ही पहिल्याच प्रॅक्टिकलला सांगतो, की सगळी वाचनं हुबेहूब सारखी आली तर खूश होऊ नका, आधी उपकरण का अडकलंय ते बघा. माझ्यासमोर एकसष्ट वाचनं सारखी होती आणि मी त्यांचा गुणाकार केला होता.

परतीच्या वाटेवर मी सांगून टाकलं. सर रस्त्याकडे बघत ऐकत होते.

"म्हणजे आपण पैसे वाचवण्यासाठी पंच्याऐंशी रुपये भरले," ते म्हणाले.

"माझं चुकलं सर. पण सोपं आहे. रोज तीनशेऐवजी दोन दिवसांचं एकदम सहाशेचं भरायचं. किंवा सरळ टाकी फुल. टाकी फुल केली तर मला ॲव्हरेजही नीट काढता येईल."

"नको."

"का पण?"

"जितके तास तितकं पेट्रोल," सर म्हणाले. "उद्या तास आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आवो सर, टाइमटेबल लावलंय की भिंतीला," मामा मागून म्हणाले.

पुढे उसाचा ट्रॅक्टर होता. त्याच्या मागे दुसऱ्या गिअरवर गाडी चालवत सरांनी सांगितलं ते असं.

"पहिल्या वर्षी मी एसटीनं यायचो. नवं लग्न, नवी नोकरी. एक तारखेला महिन्याचा पास काढला. चार तारखेला ऑफिसात बोलावून सांगितलं, की तुमचे तास दुसऱ्यांना दिलेत. पास परत घेत नाहीत. सव्वीस दिवस उरले होते."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, यायचो."

"कुठं?"

"इथंच. घरी सांगितलं नव्हतं ना. डबा घेऊन निघायचो, स्टँडवर उतरायचो, बाकड्यावर पेपर वाचायचो, डबा खायचो, अडीचच्या गाडीनं परत. पास होता, तर तिकिटाचे पैसे पडत नव्हते. सत्ताविसाव्या दिवशी सांगितलं." त्यांनी ट्रॅक्टरला मागं टाकलं. "पुढच्या वर्षी पुन्हा घेतलं त्यांनी. पण पास नाही काढला परत."

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. माझ्या डोक्यात चारशे आणि तीनशे हे दोन आकडे होते, आणि त्यांच्यामधले शंभर रुपये मला सोडवत नव्हते. मी कप्पा उघडला, प्लॅस्टिकच्या पिशवीतलं पत्र काढलं आणि मोठ्यानं वाचलं. "नेमणूक एकतीस मार्चपर्यंत. प्राचार्यांची सही आहे, शिक्का आहे. आज चार फेब्रुवारी. सर, निदान चाळीस दिवस तर कागदावर आहेत. एक टाकी दहा दिवसांचीसुद्धा नाही."

"मॅडमचं गणित बरोबर आहे," मामा म्हणाले. "आणि कार्ड माझं आहे. माझ्या अब्रूचा प्रश्न आहे. बँकवाले म्हणत असतील, हा माणूस काय सायकलीत पेट्रोल घालतो का."

सर हसले. पण हो म्हणायला त्यांना तीन दिवस लागले.

शनिवारी परत येताना गाडी पंपावर थांबली. पंपावरच्या माणसानं सवयीनं तीनशेचा आकडा टाकायला बोट पुढे केलं. सर खाली उतरले होते. ते म्हणाले, "फुल."

"फुल?" त्यानं वळून बघितलं. "कुठं लांब निघाला का सर?"

"नाही. इथंच."

पुढे काही वर्षांनी मी वजनमापं तपासायच्या खात्यात लागले. पंपावर जाऊन पाच लिटरच्या मापात पेट्रोल ओतून बघणं हे आता माझं रोजचं काम आहे. मीटरकडे बघणारी पुष्कळ माणसं मी पाहते. त्या शनिवारी थिटे सर मीटरकडे बघतच नव्हते. एक हात गाडीच्या टपावर ठेवून ते टाकीतून येणारा आवाज ऐकत होते. आधी पोकळ, मग हळूहळू भरत जाणारा, मग नोझल खटकन बंद झालं. एकतीस लिटर, तेवीसशे सत्त्याऐंशी रुपये. मामांच्या फोनवर लगेच मेसेज आला, पंच्याण्णव रुपये जमा. त्यांनी तो आम्हा दोघांना, मग पंपावरच्या माणसालाही दाखवला.

मी किलोमीटरचा आकडा वहीत लिहिला. एक लाख बारा हजार चारशे सहा.

"गाडी जड झाली सर," मामा म्हणाले. "चढ चढंल का?"

सोमवारी सर खुशीत होते. पंप आला तसा त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला, मग त्यांनी तो उचलला आणि पंपावरच्या माणसाला हात केला. "काटा बघा मॅडम. हललासुद्धा नाही. हा काटा इतका वर जातो हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं खराब आहे."

मंगळवारी दुपारी मी शेवटची बॅच सोडून खाली आले तेव्हा सर गाडीत बसले होते. मांडीवर एक कागद होता. मराठीच्या स्पेशल वर्गाची पटसंख्या नियमापेक्षा कमी भरल्यानं तो वर्ग बंद करण्यात येत आहे, त्यामुळे कार्यभार शिल्लक राहत नाही, सबब आपली नेमणूक आजपासून संपुष्टात आणण्यात येत आहे. प्राचार्यांची सही होती, शिक्का होता.

मामा आले. त्यांनी कागद वाचला, घडी केली आणि सरांना परत दिला. "पोरं किती कमी पडली?"

"दोन," सर म्हणाले.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. "सर, मी तुम्हाला टाकी—"

"टाकीमुळे तास जात नाहीत मॅडम," ते थकल्या आवाजात म्हणाले. "तुम्ही सायन्सच्या. असं बोलू नका."

त्यांनी गाडी सुरू केली. मला सोडताना त्यांनी खिडकीची काच खाली केली. मला वाटलं, उद्यापासून तुमचं तुम्ही बघा, असं सांगतील. त्यांनी काच पुन्हा वर केली.

बुधवारी मी पहाटेच्या एका टेम्पोवाल्याला विचारून ठेवलं होतं. तरी सवयीनं साडेसहाला कोपऱ्यावर उभी राहिले. मामाही आले. पावणेसातला झेन आली. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, मागच्या सीटवर डबा होता.

"बसा," ते म्हणाले. "उशीर होईल."

मामांनी माझ्याकडे बघितलं. आम्ही बसलो. पंप गेला, ट्रॅक्टर गेले. कॉलेजच्या फाटकाशी सरांनी आम्हाला उतरवलं आणि गाडी स्टँडच्या दिशेनं वळवली. दीड वाजता ते फाटकाशी उभे होते. डबा रिकामा होता, शेजारी घडी केलेला पेपर.

गुरुवारी तसंच झालं. शुक्रवारी मी विचारलं, "वहिनींना सांगितलंत?"

"सांगेन."

"सर, स्टँडवर उन्हात बसण्यापेक्षा प्रयोगशाळेत बसा. मामा आहेत, पंखा आहे."

"नको. मुलं येतात पाया पडायला. काय शिकवताय सर, विचारतात." मग थोड्या वेळानं म्हणाले, "आणि तुमचं ॲव्हरेज राहिलंय ना? त्याला काय लागतं?"

"तशी पुन्हा एकदा टाकी फुल करावी लागते."

"ते नाही होणार."

"मग ही पूर्ण संपेपर्यंत चालवायची. पण गाडी वाटेत बंद पडेल."

"पडू दे," सर म्हणाले.

शनिवारी मामांनी पुढे वाकून हळूच म्हटलं, "सर, मी पाचशेचं टाकतो कार्डावर. चारशेच्या वर आहे. मॅडमच्या नियमात बसतंय."

"मामा, नका टाकू."

"मंग कसं करायचं?"

"काटा आहे अजून."

दुसऱ्या आठवड्यात काटा तांबड्या रेघेवर आला. मंगळवारी परत येताना तो रेघेच्याही खाली टेकला होता. उतारावर सरांनी गिअर काढला नाही, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. एरवी ते पेट्रोल वाचवायला नेहमी काढायचे. बुधवारी सकाळी पंपावरच्या माणसानं आम्हाला लांबून पाहून हात केला. सरांनीही केला आणि गाडी पुढे नेली. आम्ही सात वीसच्या आत पोचलो.

दुपारी निघताना त्यांनी नेमणुकीचं पत्र आणि ते दुसरं पत्र एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कप्प्यात ठेवलं. त्र्याहत्तर पावत्या मी रबरबँड लावून परत केल्या होत्या. त्याही तिथंच होत्या.

"आज घरी सांगतो," ते म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं.

बार्शी आठ किलोमीटरवर असताना गाडीनं दोन आचके दिले. सरांनी ती डाव्या अंगाला घेतली. इंजिन एकदा फुरफुरलं आणि थांबलं. त्यांनी चावी फिरवून पाहिली, मग काढून हातात घेतली. आम्ही उतरलो. मामांनी आणि मी मागून ढकलून गाडी बाभळीखाली लावली. रस्त्याला कुणी नव्हतं. सर स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तसेच बसले होते.

"कॅन घेऊन जातो मी पंपावर," मामा म्हणाले. "एवढं घरापर्यंतचं तरी."

"जाल सावकाश." सरांनी माझ्याकडे बघितलं. "आकडा लिहून घ्या मॅडम."

मी खिडकीतून वाकून पाहिलं. एक लाख बारा हजार नऊशे चोवीस. वही बॉनेटवर ठेवून वजाबाकी केली. पाचशे अठरा.

"किती आलं?" सरांनी विचारलं.

मी पाचशे अठराला टाकीच्या पस्तीस लिटरनं भागलं. दशांशाच्या पहिल्याच घरात भाग संपला.

"लिटरला चौदा पूर्णांक आठ किलोमीटर."